तिसरीच्या मुलांना स्वतःच्या मनाने लिहिते कसे करावे?

प्रश्न – शिक्षिका, सत्तरी (गोवा)
नमस्कार. मी मराठी प्राथमिक शाळेत तिसरीचा वर्ग घेते. मुले घरी कोंकणी बोलतात. चवथीच्या सुट्टीनंतर माटोळी, म्हणजे गणपतीच्या मूर्तीवर टांगायची फळाफुलांची चौकट, कशी बांधली हे विचारले की रानातून काय आणले, शिडीवर कोण चढले, सगळे हिरिरीने सांगतात. तेच वहीत लिहा म्हटले, की ‘गणेश चतुर्थी हा माझा आवडता सण आहे’ या पाठ केलेल्या वाक्यापुढे पेन्सिल सरकत नाही. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर समजून वाचता-लिहिता येण्याचे उद्दिष्ट आहे. निबंध घोकून ते कसे साधणार?

उत्तर – निवृत्त मुख्याध्यापक, पेडणे
बाई, मुले सांगत असतानाच आपण खडू हाती घ्यावा. एकाचे वाक्य त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहावे, पुढचे दुसऱ्याकडून घ्यावे, आणि चार-पाच वाक्ये झाली की सर्वांनी मिळून ती वाचावीत. ‘बाबांनी तोरंजन बांधले’ (तोरंजन म्हणजे एक मोठे लिंबूवर्गीय फळ) असे कोणी सांगितले, तर ‘कशाने?’ एवढेच विचारावे. ‘केवणीच्या सालीने’ असे उत्तर येते आणि वाक्य भरते. मग फळा अवश्य पुसावा आणि प्रत्येकाला आपापल्या घरची माटोळी लिहू द्यावी. फळा तसाच राहिला तर सगळ्या वह्यांत एकच मजकूर उतरतो.

उत्तर – पालक, म्हापसा
तपासणीबद्दलही कृपया लिहावे. माझ्या मुलीची वही लाल शाईने भरून येऊ लागली, तेव्हापासून तिने अवघड शब्द टाळून तीन-तीन शब्दांची वाक्ये लिहायला सुरुवात केली. चुका कमी झाल्या, पण सांगण्यासारखे काही उरले नाही.

उत्तर – निवृत्त मुख्याध्यापक, पेडणे
आपले निरीक्षण अगदी योग्य आहे. पहिल्या वाचनात शिक्षकाने केवळ आशयाविषयी एक प्रश्न वहीत लिहावा. शुद्धलेखन सोडून द्यावे असे मी म्हणत नाही, परंतु एका आठवड्यात एकच गोष्ट धरावी. उदाहरणार्थ, आपल्याकडची मुले ‘आमच्या घरांत’ असे लिहितात. कोंकणीत तो अनुस्वार बरोबरच आहे, मराठीतही १९६२च्या लेखननियमांपूर्वी तो दिला जाई. म्हणून त्यावर लाल फुली न मारता, मराठीत एका घराविषयी लिहिताना ‘घरात’ लिहायचे, हे वर्गात शांतपणे समजावून सांगावे आणि त्या आठवड्यात मुलांनाच आपल्या वहीतले असे शब्द शोधायला लावावेत.