मदत हवी आहे: कॅला लिलीचे दांडे खालून फाटतात

फुलदाणीत पांढऱ्या कॅला लिलीचे 10 दांडे आहेत. फुलं टवटवीत, पण तिसऱ्या दिवशी दांड्यांची टोकं उभी चिरून बाहेर वळतात, सॅलडसाठी मुळ्याचं फूल कापतात ना, अगदी तशी. आतला स्पंजासारखा गर पाणी पिऊन फुगतो, बाहेरची साल तेवढी ताणत नाही, म्हणून हे होतं, इतपत कळतं. वळलेला भाग लगेच बुळबुळीत होतो आणि पाण्याला वास येतो.

सध्या पाणी फक्त 5-6 सेंमी, एक दिवसाआड बदललेलं. भांडं साबणाने घासून घेतलेलं. दर वेळी धारदार सुरीने 2 सेंमी काप. (कात्रीने दांडा चेपतो, ती नकोच.) ऊन, पंखा, पिकलेली केळी, सगळं लांब.

टोकापासून 1 सेंमी वर पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळली तर फाटणं थांबतं का? ओल्या दांड्यावर ती टिकते का, की रबरबँड बरा? आणि लिटरभर पाण्यात ब्लीचचे किती थेंब चालतात? साखर घालायचा सल्ला कृपया नको, नुसत्या साखरेने पाणी उलट लवकर नासतं.