१० बाय १० च्या बेडरूममध्ये पखवाज रेकॉर्ड करतोय, धुम (डावी, खर्जाची बाजू) घुमत राहते. बेस ट्रॅप (खर्जाचा आवाज शोषणारे जाड पॅनेल) नक्की कुठे आणि किती जाड लावू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहितोय, कारण अर्धवट माहिती दिली की पुढे दहा जण तेच तेच विचारतात.

मी भांडुपला राहतो, वन बीएचके, भाड्याचं घर. बेडरूम अगदी चौकोनी आहे, १० बाय १०, उंची ९ फूट, टेप लावून दोनदा मोजली. एका भिंतीला लोखंडी कपाट, दाराच्या वर माळा आणि त्यात गाद्या-गोधड्या, उरलेल्या दोन भिंती रिकाम्या. मालकाने भिंतीला ड्रिल मारायचं नाही असं आधीच सांगितलंय आणि रात्री आम्ही तिथेच झोपतो, म्हणजे जे काही करायचं ते उचलून बाजूला ठेवता आलं पाहिजे.

आमच्या भजनी मंडळातले बुवा आता ७६ वर्षांचे आहेत. त्यांच्याकडे अभंगांच्या ज्या चाली आहेत त्या त्यांना वडिलांकडून मिळाल्या, कुठेही लिहिलेल्या नाहीत, आणि मंडळातल्या आम्हा पोरांना त्यातल्या निम्म्याही नीट येत नाहीत. मोबाईलवर केलेली रेकॉर्डिंग आहेत पण त्यात टाळांच्या खाली शब्दच बुडालेत. म्हणून ठरवलं की आषाढीच्या आत निदान १५-२० अभंग व्यवस्थित करून ठेवायचे, आवाज वेगळा, पेटी वेगळी, पखवाज वेगळा. त्यासाठी इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) घेतला, दोन कंडेन्सर माइक घेतले, ऐकायला यामाहाचे एचएस ५ स्पीकर घेतले. इथपर्यंत सगळं छान होतं.

पहिल्या दिवशी पखवाज घेतला. धुमेला कणीक लावली, गट्टे ठोकून शाई सुरात आणली, आणि वादकाने साधी धुमाळी धरली. खोलीत बसून ऐकताना एवढं जाणवलं नाही, पण रेकॉर्डिंग ऐकलं तर प्रत्येक डाव्या हाताच्या थापेनंतर एक 'ऊऊम' मागे रेंगाळतोय, पुढची थाप येईपर्यंत संपतच नाही, दुगुन लावली की सगळा चिखल. बुवांना हेडफोन दिला, त्यांनी डोळे मिटून दोन आवर्तनं ऐकली, हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हा आपला पखवाज नाही रे. कोणीतरी पाण्याच्या टाकीत बसून वाजवतंय." दोन दिवस तेच वाक्य डोक्यात होतं.

मग एका दुकानात गेलो. तिथे सांगितलं की खोलीला फोम लावा, सगळे स्टुडिओवाले हेच लावतात. दोन इंची पिरॅमिड फोमचे ४० तुकडे आणि कोपऱ्यांसाठी त्रिकोणी फोम 'बेस ट्रॅप' म्हणून घेतले, साडेसहा हजार गेले. दुहेरी टेपने चिकटवले. टाळी वाजवली की आधी दोन भिंतींमध्ये जी 'ट्रर्रर्र' यायची ती गेली हे खरं, पण त्याबरोबर टाळांची किणकिणही गेली, बुवांचा आवाज रजईतून आल्यासारखा झाला आणि धुम होती तशीच. म्हणजे जे हवं होतं ते मेलं आणि जे नको होतं ते जिवंत राहिलं.

यानंतर ऑफिसातल्या एका मित्राने त्याचा मापनाचा माइक दिला. रूम ईक्यू विझार्ड हे खोलीतला आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते टाकलं आणि माझी खुर्ची असते तिथे, म्हणजे खोलीच्या बरोबर मधोमध, मोजलं. ५७ हर्ट्झच्या आसपास मोठा खड्डा, ८० लाही खड्डा, आणि ११४ ला डोंगर. वॉटरफॉलमध्ये (कुठला सूर किती वेळ रेंगाळतो ते दाखवणारा आलेख) त्या ११४ ची शेपूट बाकी सगळ्यांपेक्षा कितीतरी लांब. खुर्ची दोन फूट मागे नेली तर चित्रच बदललं.

आणि एक गोष्ट केली. आईने सुचवली खरं तर. माळ्यावरच्या चार कापसाच्या गाद्या काढून दोन कोपऱ्यांत उभ्या केल्या, प्रत्येकी दोन एकावर एक, आणि पुन्हा वाजवून पाहिलं. धुम थोडी आवरली! फार नाही, पण आईलाही फरक कळला आणि ११४ ची शेपूट मोजून आखूड झालेली दिसली. साडेसहा हजाराच्या फोमने जे झालं नाही ते जुन्या गाद्यांनी थोडंसं का होईना केलं, ते कसं?

तर आता मला विचारायचंय ते असं. खरे बेस ट्रॅप रॉकवूलचे (दगडाच्या तंतूंची लोकर) करायचे तर ४ इंच जाडी पुरते का त्याहून जास्त लागते, घनता किती घ्यायची कारण दुकानात ४८, ६४, ९६ (किलो प्रति घनमीटर) अशी विचारणा होते आणि जास्त घनता म्हणजे जास्त चांगलं असं प्रत्येक जण सांगतो, चारही कोपरे भरायचे की दोन चालतील कारण एका कोपऱ्यात दार उघडतं, आणि पावसाळ्यात आमच्या बाहेरच्या भिंतीला ओल येते तिथे हे ठेवलं तर बुरशी धरेल का. बजेट २५ हजारांपर्यंत आहे. शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणूनही काही होत असेल तर सांगा, पण मुख्य काळजी धुमेची आहे.

प्रतिसाद

प्रश्न फार नीट मांडलाय, म्हणून उत्तरही नीट देतो. मी गेली बरीच वर्षं लहान खोल्यांमध्ये रेकॉर्डिंग करतोय, बहुतेक मुंबईतच.

आधी आकडे कुठून आले ते बघा. आपल्याकडच्या उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण ११४५ फूट जातो. त्याला खोलीच्या दुप्पट लांबीने, म्हणजे २० ने भागा. ५७ आले. त्याची दुप्पट ११४. लांबी आणि रुंदी सारखी असल्यामुळे दोन्ही दिशांच्या लाटा एकाच आकड्यावर येऊन बसतात, म्हणून चौकोनी खोली सगळ्यात त्रासाची. ८० हा तिरप्या लाटेचा. खोलीच्या मधोमध ५७ आणि ८० चा दाब शून्य आणि ११४ चा पूर्ण, म्हणून तुम्हाला खड्डे आणि डोंगर दिसले. माइक चुकलेला नाही, सॉफ्टवेअरही चुकलेलं नाही. खुर्ची आजच समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांच्या आसपास आणा, फुकटात बराच फरक पडेल. तो खड्डा ईक्यूने (सॉफ्टवेअरमध्ये सूर कमी-जास्त करून) भरायच्या भानगडीत पडू नका, भरत नाही.

आता फोम का हरला. फोम काय, रॉकवूल काय, कापूस काय, हे सगळे हलणाऱ्या हवेला घासून आवाज खातात. भिंतीला अगदी लागून हवा हलतच नाही, ती सर्वात जास्त हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. ११४ ची लाट १० फुटांची, म्हणजे पाव झाली अडीच फूट. तुमचा फोम दोन इंच. टाळांच्या आवाजाची लाट काही इंचांची, तिला दोन इंच पुरतात, म्हणून किणकिण गेली आणि धुम राहिली. गाद्या जाड होत्या, भरीव होत्या, शिवाय कोपऱ्यात मागे पोकळी होती. कोपऱ्यात सगळ्याच लाटांचा दाब जमतो म्हणून तिथे ठेवलेलं जास्त काम करतं. १८९५ मध्ये हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिनने एका व्याख्यानाच्या खोलीचा घुमारा मोजला तोही खुर्च्यांच्या गाद्या आत-बाहेर करूनच, तेव्हा आईंचं डोकं बरोबर चाललंय.

आणखी एक. बाहेरच्या देशांतले व्हिडिओ बघून पॅनेल मोजू नका. तिकडच्या बऱ्याच घरांच्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समच्या, थोडा बेस त्यातून निघून जातो. आपल्या विटा-काँक्रीटच्या भिंती जवळजवळ सगळा परत फेकतात. म्हणून आपल्याला जास्त जाडी लागते.

मी असतो तर २ बाय ४ फुटांच्या फ्रेम केल्या असत्या, आत दोन इंचाचे तीन स्लॅब, म्हणजे ६ इंच. घनता ४८ पुरे, ९६ घेऊ नका, जाड ट्रॅपमध्ये फार घट्ट माल असला की आवाज आत शिरण्याआधीच परततो. फ्रेमला खाली पाय लावा, कोपऱ्यात तिरपी उभी करा, ड्रिल नको आणि रात्री उचलूनही ठेवता येते. आतलं रॉकवूल साधारण साडेपाच किलो भरेल, वर लाकडाचं वजन. तीन कोपऱ्यांत प्रत्येकी दोन एकावर एक. दाराचा कोपरा सोडून द्या, त्याऐवजी भिंत आणि छताचा कोपराही कोपराच असतो, माळ्यात गाद्या ठासून ठेवा आणि त्याचं दार उघडं ठेवा.

५७ चं मात्र मनावर घेऊ नका, ६ इंचाने तिथे फार काही होणार नाही आणि एचएस ५ तिथवर जेमतेम पोचतात. ८० ते २०० सुधारलं की पखवाज सुधारला.

एक शंका आहे. माइक धुमेपासून किती लांब? कार्डिओइड माइक (मुख्यतः समोरचाच आवाज घेणारा) फार जवळ नेला की तो स्वतःच खर्ज वाढवतो. सोसायटीच्या गच्चीवर तोच माइक, तेच अंतर ठेवून एकदा वाजवून बघा. तिथे भिंती नाहीत. तिथेही घुमलं तर दोष माइकच्या जागेचा.

प्रतिसाद

वरच्या दादांनी आवाजाचं सांगितलंच, मी ओलीचं सांगते, माझा पहिला पावसाळा त्यात वाया गेलाय. रॉकवूल सहसा पाणी धरत नाही, बुरशी धरते ती कापडाला, लाकडाला आणि भिंतीच्या रंगाला. बाहेरच्या भिंतीपासून फ्रेम दोन-तीन इंच सुटी ठेवा, मागून हवा खेळली पाहिजे, आणि महिन्यातून एकदा सरकवून मागे बघा. कापड घेताना तोंडाला लावून फुंकर मारा, हवा आरपार गेली तर घ्या, नाहीतर नको. साधा ताग चालतो. कोपऱ्यातल्या ट्रॅपवर कापडाच्या आत पातळ प्लास्टिकचा एक थर घाला, बेस त्यातून जातो पण वरचे सूर परत येतात म्हणजे टाळ मरणार नाहीत, आणि तंतूही बाहेर येत नाहीत. बाजूच्या भिंतींवर पहिला परावर्तित आवाज येतो तिथल्या पॅनेलला मात्र प्लास्टिक नको. ती जागा शोधायला तुम्ही खुर्चीत बसा, कोणालातरी भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा, आरशात स्पीकर दिसला की तीच जागा. कापताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि पोरं घरात नसताना.

फोममधला निम्मा काढाच. एकतर टाळ वाचतील, दुसरं म्हणजे साधा फोम भडकन पेटतो आणि तुम्ही तिथे झोपता. रॉकवूल जळत नाही.

शेजाऱ्यांसाठी यातलं काहीही उपयोगाचं नाही. आवाज पलीकडे जाऊ न देणं म्हणजे जड भिंत आणि बंद फटी, ते वेगळंच काम आहे. दाराखालच्या फटीला रबर लावा तेवढं.

धागाकर्त्याचं उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. सेक्रेटरींना विचारून काल रात्री गच्चीवर गेलो, शेवटची लोकल गेल्यानंतर वाजवलं असतं तर शांतता मिळाली असती पण लोकांची झोप मोडायची नव्हती, म्हणून साडेनऊलाच. माइक धुमेपासून ८ इंचांवर होता, खोलीतही तेवढाच असतो. मागून गाड्यांचा आवाज आलाय, एका ठिकाणी रिक्षाचा हॉर्नही आहे, पण धुम स्वच्छ. थाप पडते आणि संपते. मग माइक दीड फुटावर नेला तर जडपणा आणखी कमी झाला, म्हणजे थोडा दोष माइकचा होता आणि बराचसा खोलीचा.

घरी येऊन वादकाला कोपऱ्यातून उठवून दोन्ही भिंतींपासून अडीच-अडीच फुटांवर बसवलं, कारण वरचा हिशोब धरला तर ११४ चा शून्य तिथे यायला हवा, आणि गाद्या तीन कोपऱ्यांत लावल्या. शेपूट आणखी कमी झालीय. आज बुवांना दोन्ही रेकॉर्डिंग ऐकवली. गच्चीवरचं ऐकून त्यांनी मांडीवर ताल धरला, खोलीतलं ऐकून म्हणाले, "आता टाकीतून बाहेर आलाय, पण अजून ओला आहे."

रविवारी रॉकवूल आणायला जातोय, ४८ चंच घेतो. सहा फ्रेम एकदम बजेटात बसतील असं वाटत नाही, तर चार आधी करतो आणि तिसऱ्या कोपऱ्यात तूर्तास गाद्याच ठेवतो. सुताराला एवढंच विचारायचं राहिलंय की पाय कसे लावले तर वरची फ्रेम खालच्यावर हलणार नाही, घरात लहान भाचा येतो. कोणी अशा उभ्या फ्रेम केल्या असतील तर पायाचा फोटो टाकाल का?