वनस्पतिशास्त्राच्या परदेशी परिषदेला जायचंय, प्रवासखर्च कुठे मागावा?

मालदांडी:
नमस्कार. मी वनस्पतिशास्त्रात पीएचडी करते आहे, तिसरं वर्ष, कोल्हापूरला. गाव मंगळवेढ्याजवळ. काम रब्बी ज्वारीवर आहे. दाणा भरताना पाण्याचा ताण पडला तरी काही वाणांची पानं हिरवीच राहतात, ती का, हे शोधते आहे. अमेरिकन सोसायटी ऑफ प्लांट बायॉलॉजिस्ट्स, म्हणजे एएसपीबीच्या वार्षिक अधिवेशनाला पोस्टर पाठवायचं ठरवलंय. गाइडचा होकार आहे, पण प्रकल्पात परदेश प्रवासाला पैसा नाही. घरी चार एकर कोरडवाहू, तिथून मागायचा प्रश्नच येत नाही.

अशा संस्थांकडे ‘अंडररिप्रेझेंटेड’, म्हणजे विज्ञानात ज्यांची संख्या कमी आहे अशा गटांतल्या शास्त्रज्ञांसाठी वेगळा निधी असतो असं वाचलं. मी घरातली पहिली पदवीधर आहे, अनुसूचित जातीतली, खेड्यातली. मी त्यात बसते का? आणि आपल्याकडे कुठे अर्ज करता येईल? ज्यांना असा निधी खरंच मिळालाय त्यांनी कृपया सांगा.

देवराई:
अगं, आधी एक गोष्ट समजून घे, नाहीतर आठवडाभर फॉर्म भरत बसशील. अमेरिकेतल्या अशा निधीत ‘अंडररिप्रेझेंटेड’ची व्याख्या बहुतेक वेळा त्यांच्या देशापुरती असते: कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, तिथले मूळनिवासी. आशियाई लोक तिथल्या विज्ञानात संख्येने कमी नाहीत म्हणून त्यांना धरत नाहीत. जातीचा रकाना तर नसतोच. मी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधक असताना तीन रात्री जागून असाच एक अर्ज भरला आणि पात्रतेच्या शेवटच्या ओळीत अडकले. फार लागलं होतं मनाला. आपल्याकडे ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेची पायरी चढू दिली नाही, त्या घरातली मुलगी तिथे फक्त ‘एशियन’ ठरते.

तरी एएसपीबीचं सर्वसाधारण ट्रॅव्हल ग्रँट आहे, ते विद्यार्थ्यांसाठी आणि नवोदितांसाठी. त्याच्यावर लक्ष ठेव आणि सदस्यत्व आधीच घेऊन टाक. ‘वुमेन्स यंग इन्व्हेस्टिगेटर’ नावाचा पुरस्कारही दिसेल, पण तो स्वतःचं संशोधन नुकतंच सुरू केलेल्या महिलांसाठी आहे, पीएचडीवाल्यांसाठी नाही.

सडाफुली:
भारतातलं सांगते. पहिला अर्ज एएनआरएफच्या, म्हणजे संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, इंटरनॅशनल ट्रॅव्हल सपोर्टला कर. आधी ही योजना सर्ब हे सरकारी संशोधन मंडळ चालवायचं, २०२३च्या कायद्यानंतर ते एएनआरएफमध्ये विलीन झालं. इकॉनॉमी क्लासचं तिकीट जवळच्या मार्गाने, व्हिसा फी आणि ३५ वर्षांच्या आतल्यांना नोंदणी शुल्कही मिळतं. तू पेपर किंवा पोस्टर सादर करणार असलीस तरच. जैवतंत्रज्ञान विभागाची परिषदांच्या प्रवासाला मदत करणारी सीटेप योजना आहे, तुझा विषय तिच्यात चपखल बसतो. सीएसआयआरही नियमित नोकरीत नसलेल्या तरुण संशोधकांना प्रवासाला मदत करतं.

सरकारी पैशावर विमानाचं तिकीट काढायचं तर बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्याकडूनच काढ. कुठल्यातरी अ‍ॅपवर स्वस्त मिळालं म्हणून काढलंस तर बिल अडकतं. बोर्डिंग पास जपून ठेव, परतीचेसुद्धा.

रोपवाटिका:
वरचं सगळं बरोबर आहे, पण खरी अडचण अजून कुणी बोललं नाही. पैसे बहुधा परत आल्यावर मिळतात! माझं नाव मंजूर यादीत होतं, तरी तिकीट, हॉटेल, नोंदणी सगळं आधी खिशातून. आईने गावच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं. परतावा आठ महिन्यांनी आला आणि तोवरचं व्याज आम्हीच भरलं. माझ्याबरोबरच्या एका मुलाचंही नाव यादीत होतं, त्याला कर्ज मिळालं नाही, तो गेलाच नाही. गरजू मुलांसाठी म्हणून काढलेला निधी असा उसनवारीवर चालतो याचा मला अजून राग आहे.

म्हणून निवडीचं पत्र आलं की त्याच दिवशी आयोजकांना ईमेल कर. नोंदणी शुल्क आधीच माफ कराल का, राहण्याचे पैसे परस्पर भराल का, असं सरळ विचार. मला दुसऱ्या वेळी असं विचारल्यावर दोन्ही मिळालं. विद्यापीठाच्या लेखा विभागात मंजुरीचं पत्र दाखवून आगाऊ रक्कम मिळते का, तेही बघ.

मालदांडी:
देवराईताई, रोपवाटिका, खूप आभार. परताव्याचं माझ्या डोक्यातच नव्हतं. अजून एक विचारते. अर्जात घरची परिस्थिती लिहावी का? दया मागितल्यासारखं वाटतं.

देवराई:
लिही, पण दोन वाक्यांत. पहिली पदवीधर, कोरडवाहू शेती, संस्थेकडे प्रवासाची तरतूद नाही. एवढं पुरे. त्यानंतर मात्र कामावर ये. मोहोळला निवडलेली एम ३५-१, म्हणजे मालदांडी ज्वारी, तुझ्या घरच्या शेतात पेरली जाते ना? मग ज्या रानात पाणी कमी पडतं तिथलीच मुलगी त्या पिकाची पानं का टिकतात हे शोधते आहे, हे निवड समितीला कळू दे. तुझ्याइतक्या जवळून हे पीक पाहिलेले त्या सभागृहात किती जण असतील? ही दया नव्हे, तुझी पात्रता आहे.

सडाफुली:
युरोपचाही विचार कर. एम्बो ही युरोपातली रेणवीय जीवशास्त्राची संघटना, तिला निधी देणाऱ्या देशांच्या ‘ईएमबीसी’ या संस्थेचा भारत २०१६मध्ये सहयोगी सदस्य झाला. एम्बोच्या कार्यशाळांना प्रवास अनुदान असतं, लहान मूल असलेल्यांना पाळणाघराच्या खर्चाचंही. आणि २०२९ची आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेस केपटाउनला आहे. ती साधारण पाच-सहा वर्षांनी एकदाच भरते, तोवर तुझी पीएचडी झालेली असेल.

मालदांडी:
सदस्यत्वाचा अर्ज आत्ताच भरला. सोमवारी लेखा विभागात जाते. पासपोर्ट अजून काढलेला नाही. वसतिगृहाचा पत्ता दिला तर चालेल का?

रोपवाटिका:
चालेल, विद्यापीठाचं बोनाफाइड घे. पोलीस पडताळणी त्याच पत्त्यावर येईल, त्या दिवसांत गावी जाऊ नकोस. आणि हे याच आठवड्यात कर. अमेरिकेच्या व्हिसाची तारीख मिळायला महिने लागू शकतात, १८५ डॉलर फी भरल्याशिवाय ती दिसतही नाही.