स्पीडबॉल २ : केवळ मारामारी नव्हे

'स्पीडबॉल २ हा चेंडूच्या सामन्यांचा व्हिडिओ गेम म्हणजे निव्वळ मारामारी' असे एक मत आहे; ते मला मान्य नाही. बिटमॅप ब्रदर्स या ब्रिटिश गेम-निर्मात्यांच्या १९९० सालच्या या खेळाचे मर्म त्याच्या गुणपद्धतीत आहे : गोलला १० गुण, प्रतिस्पर्धी जायबंदी केला तरी १०, शिवाय भिंतींवरचे तारे आणि गुणक (मिळणारे गुण वाढवणारी सोय), त्यामुळे सामन्याच्या ९० सेकंदांच्या प्रत्येक अर्ध्या भागात थेट गोलकडे धावावे की आधी गुणक मिळवावा, हा निर्णय सतत घ्यावा लागतो. नागपुरात कबड्डी खेळत वाढलेल्या आम्हांला, गडी बाद करण्याचेही गुण मिळतात हे सेगाच्या मेगा ड्राइव्ह या गेम कन्सोलवर हा गेम खेळताना लगेच उमगले. दोन सामन्यांमध्ये पैसे खेळाडूंच्या खरेदीवर खर्चावेत की आहेत त्यांच्या क्षमतेवर, हा विचार तर मला सामन्याइतकाच रंगतदार वाटतो.