आजी दिसते छान, पण विचार करताना दिसतच नाही. काय चुकतंय?

कोरा_कागद
नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या. अ‍ॅनिमेशनच्या डिप्लोमाचं शेवटचं वर्ष चालू आहे आणि फायनल प्रोजेक्टला २०-२२ सेकंदांचा एक टूडी शॉट करतोय, ब्लेंडर सॉफ्टवेअरच्या ग्रीस पेन्सिलमध्ये (त्यातलं हाताने ड्रॉइंग करायचं टूल), सेकंदाला २४ फ्रेम, प्रत्येक ड्रॉइंग दोन-दोन फ्रेम धरून. संवाद एकही नाही. गोष्ट एवढीच की गच्च भरलेल्या एसटीत एक आजी चढते, सगळ्या सीट भरलेल्या, एकच रिकामी पण तिच्यावर कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली. आजी रुमालाकडे बघते, बसू की नको असा विचार करते, मग रुमाल उचलून बाजूला ठेवते आणि बसते. संपलं.

डिझाइनवर दोन महिने घालवलेत. नऊवारी, जाड भिंगांचा चष्मा, चेहऱ्यावर सुरकुत्या, हातात वायरची पिशवी, सगळे म्हणतात आजी भारी दिसते. पण शॉट बघितला की सगळे गप्प. सरांनी दोनदा प्ले केला आणि म्हणाले, "चेहरा हलतोय रे, पण डोकं चालताना दिसत नाही." मी भुवया वर केल्या, तोंड थोडं उघडं ठेवलं, हनुवटीवर बोट ठेवलं, डोळे वर आकाशाकडे नेले, तरी तेच. उलट आता तर जास्तच नाटकी वाटायला लागलंय. तीन आठवड्यांनी सबमिशन आहे. बोलत नसलेल्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय हे दाखवायचं तरी कसं?

फ्रेमचोर
आधी ते हनुवटीवरचं बोट काढ. खऱ्या आयुष्यात असं बोट लावून विचार करणारं माणूस मी फक्त पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर बघितलंय. ते बोट म्हणजे "इथे विचार चालू आहे" अशी पाटी लावल्यासारखं झालं, आणि पाटी वाचून कुणाला काही वाटत नसतं.

मी या धंद्यात अकरा वर्षं आहे, बहुतेक काम लहान मुलांच्या सीरियलचं, तर माझा अनुभव सांगतो. प्रेक्षकाला आजीचा विचार दिसत नाही, त्याला दिसतं ती कशाकडे बघते, किती वेळ बघते आणि मग काय करते. मधलं तो स्वतः भरून काढतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी डोळे वळतात, दोन-तीन फ्रेमनी मागून मान, त्याच्या मागून खांदे. तुझ्या शॉटमध्ये बहुतेक सगळं एकदम वळत असणार, बघ चेक करून. सगळं एकदम वळलं की असं वाटतं कुणीतरी तिला धरून फिरवलं. आणि जिथे तिचं मत बदलतं तिथे पापणी मिटव, दोन फ्रेम मिटायला, एक-दोन बंद, तीन उघडायला. उगीच दर दोन सेकंदांनी पापण्या मारू नको, ते जिवंत दिसावं म्हणून नवीन पोरं करतात आणि त्याने माणूस फक्त झोपाळू दिसतो.

दुसरं, थांब. बघितल्यावर लगेच हालचाल नको, किमान १२ फ्रेम तरी धर, पण एकदम पुतळा नको, श्वासाएवढी हलती ठेव.

डिस्नेचा १९३४ चा 'प्लेफुल प्लूटो' शोधून बघ. त्यात प्लूटो माश्या पकडायच्या चिकट कागदाला चिकटतो तो तुकडा नॉर्म फर्ग्युसनने केलाय आणि पात्र विचार करताना दिसणं म्हणजे काय हे शिकवायला अजून तोच दाखवतात. नाकाचा कागद काढला तर पायाला, पायाचा काढला तर भलतीकडेच. प्रत्येक वेळी तो कुत्रा थांबतो, कागदाकडे बघतो, आता काय करू असं त्याचं होतं आणि मग नवीन उपाय करतो जो आधीच्यापेक्षा वाईट असतो. नुसता धडपडत राहिला असता तर दहा सेकंदांत कंटाळा आला असता.

रेघोट्या
फ्रेमचोर दादांचं सगळं बरोबर आहे पण मला वाटतं गाडी त्याच्या आधीच अडकलीये. जाड भिंगांचा चष्मा! अरे, डोळ्यांवर सगळा शॉट चालणार आणि तू डोळेच झाकून ठेवलेस 😄 वर भिंगावर चमक पण काढली असशील, सगळेच काढतात. चष्मा ठेवायचाच असेल तर नाकावर खाली घसरलेला ठेव, म्हणजे ती जवळचं भिंगातून बघेल आणि माणसांकडे चष्म्याच्या वरून बघेल. हे बघणं वेगळंच असतं, माझी आजी असं बघायला लागली की घरात सगळ्यांना कळायचं आता कुणाचं तरी काहीतरी निघणार.

सुरकुत्या पण कमी कर. प्रत्येक ड्रॉइंगमध्ये सतरा रेघा सांभाळायच्या म्हटलं की त्या थरथरतात आणि बघणाऱ्याचं लक्ष तिकडे जातं. दोन ठेव, त्या पण भुवईबरोबर हलणाऱ्या. 'वॉलेस अँड ग्रोमिट'मधला तो कुत्रा बघ, ग्रोमिट, त्याला तोंडच नाहीये, एक शब्द बोलत नाही, कपाळाचा तो प्लास्टिसिनचा पट्टा वरखाली होतो त्यावर सगळं कळतं. त्याला बनवणाऱ्या निक पार्कच्या डोक्यात आधी त्याला आवाज द्यायचा होता, मग लक्षात आलं की भुवयांवर भागतंय.

आणि एक, राग मानू नको, दोन महिने डिझाइन केलंस पण ही आजी कोण आहे ते पोस्टमध्ये कुठेच नाही. नऊवारी, चष्मा, पिशवी हे कुठल्याही आजीला लागू पडतं. १९३३ च्या 'थ्री लिटिल पिग्ज'मधली तिन्ही डुकरं दिसायला जवळपास सारखीच आहेत, तरी कोण उडाणटप्पू आणि कोण कामसू ते दोन मिनिटांत कळतं कारण वागतात वेगळी. तुझी आजी भांडकुदळ आहे की भिडस्त? तोच रुमाल भांडकुदळ आजी दोन बोटांत धरून लांब फेकेल आणि भिडस्त आजी घडी घालून मांडीवर ठेवेल, मालक आला की द्यायला.

फ्रेमचोर
घडी घालून मांडीवर ठेवणं हे जबरदस्त आहे. कोरा_कागद, हे उचल.

फक्त भुवयांवर फार विसंबू नको असं म्हणेन. 'द राँग ट्राउझर्स'मधला तो पेंग्विन बघ, १९९३ चा, त्याच निक पार्कचा. त्याला भुवया पण नाहीत, दोन काळे मणी आणि एक चोच. काहीच हलत नाही आणि तरी ग्रोमिटपेक्षा त्याच्याच डोक्यात जास्त शिजतंय असं वाटतं.

रेघोट्या
हो पण तो चालतो कारण समोर ग्रोमिट आहे ना, भुवया हलवणारा! दोघं मणीवाले ठेवले असते तर कळलं असतं का काही?

फ्रेमचोर
हा मुद्दा आहे. बरं, हरलो.

झटपट_काम
एवढं कशाला करताय, आता प्रॉम्प्ट टाकला की एआय व्हिडिओ करून देतं, आजी, एसटी, रुमाल सगळं. २०२६ मध्ये कोण हाताने ड्रॉइंग करतं

रेघोट्या
@झटपट_काम देईल ना. त्याच्या आजीनेही हनुवटीवर बोट ठेवलेलं असेल.

लालपरीचा_प्रवासी
मला अ‍ॅनिमेशनमधलं ओ की ठो कळत नाही पण गेली १९ वर्षं रोज एसटीने अप-डाऊन करतोय त्यामुळे या विषयावर बोलायचा मला पूर्ण हक्क आहे 😀

तुमची आजी रुमालाकडे बघून विचार करते हेच मला पटलं नाही. कुठलीही आजी रुमालाकडे बघत नाही हो. रुमाल तिला दारातूनच दिसलेला असतो. ती बघते माणसांकडे. आधी शेजारच्या सीटवरच्या माणसाकडे, कारण तोच बोलणार असतो "इथे आहे कुणीतरी", तो खिडकीबाहेर बघत असला तर निम्मं काम झालं. मग एकदा मागे दाराकडे, रुमालवाला चढतोय का म्हणून. मग कंडक्टर कुठे आहे. हे सगळं दोन सेकंदांत होतं आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नाही, उलट एकदम भोळा चेहरा करतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आजी आधी बसत नाही. आधी पिशवी बसते. पिशवी सीटच्या कडेवर टेकवते, हात दुखला म्हणून टेकवली असं दाखवत. कुणी काही बोललं नाही की पिशवी दोन बोटं आत. मग "अगं आई गं" करत आजी एका कडेवर, अर्धीच, म्हणजे कुणी उठवलं तर मी कुठे बसले होते असं म्हणता येतं. मग गाडी हलते, पहिला धक्का बसतो आणि त्या धक्क्यात आजी पूर्ण सीटवर. रुमाल कुठे गेला ते रुमालवाल्याला पण सापडत नाही. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर गर्दी अशी असते की हे सगळं उभ्याने चार जणांच्या काखेखालून बघावं लागतं.

फ्रेमचोर
दादा तुम्ही चुकीच्या धंद्यात आहात. हा अख्खा स्टोरीबोर्ड आहे.

कोरा_कागद, तुझा प्रश्न यातच सुटला बघ. तू विचार एका जागी साठवला होतास, रुमालासमोर उभी राहून आजी विचार करते आणि मग कृती. यांनी विचाराचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला एक हालचाल दिली. पिशवी कडेवर, थांब, नजर शेजाऱ्यावर, पिशवी आत, थांब. प्रत्येक 'थांब'मध्ये बघणारा म्हणतो, आता काय करेल ही?

पिक्सारचा 'लक्झो ज्युनिअर' आठवतो ना, दोन टेबल लॅम्प, एक मोठा एक छोटा, डोळे नाही तोंड नाही काही नाही. १९८६ ला डॅलसला सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत दाखवला तेव्हा कॉम्प्युटर ग्राफिक्समधला मोठा माणूस जिम ब्लिन शो संपल्यावर फिल्मचा दिग्दर्शक जॉन लॅसेटरकडे आला. लॅसेटरला वाटलं आता हा सावल्यांच्या अल्गोरिदमचं काहीतरी विचारणार. त्याने विचारलं, तो मोठा लॅम्प आई आहे की बाबा? का विचारलं, तर तो मोठा लॅम्प काही करायच्या आधी छोट्याकडे बघतो आणि नंतर पण बघतो, म्हणून.

कुडाळातला
थोडं वेगळं सांगतंय. माझं गाव कुडाळ तालुक्यात, पिंगुळी जवळच. तिथल्या ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या ऐकल्या असतील, परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरात पण आलं होतं. लहानपणापासून बघतोय. त्या बाहुलीचा चेहरा लाकडात कोरून रंगवलेला, भुवई हलत नाही, पापणी मिटत नाही. सुरुवातीला एकच चेहरा आणि शेवटपर्यंत तोच. तरी मान जरा खाली गेली की ती दुःखी वाटते आणि तीच मान तिरकी झाली की खोडकर. आणि ती बोलताना बाकीच्या बाहुल्या गप्प तिच्याकडे वळून उभ्या असतात, त्यावरून आपल्याला कळतं बोलणारी कोण. सगळ्या एकदम हलल्या असत्या तर नुसती गर्दी झाली असती.

आपल्या रामदास पाध्यांचा अर्धवटराव पण तसाच. तो बोलतो ते ठीक, पण खरी मजा तो मान वळवून पाध्यांकडे बघतो तेव्हा येते.

म्हणून सुचवतो, एकदा चेहरा अख्खा कोरा ठेवून शॉट कर. डोळे, भुवया, तोंड काहीच नाही, नुसतं अंड्यासारखं डोकं, अंग आणि पिशवी. त्यात गोष्ट कळली तरच चेहरा घाल. १९४४ ला हायडर आणि सिमेल म्हणून दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन त्रिकोण आणि एक गोल एका चौकटीभोवती फिरताना दाखवले होते लोकांना, तर बहुतेक सगळ्यांनी त्यात भांडण, पाठलाग, दादागिरी असलं सगळं बघितलं. त्रिकोणात लोक एवढं बघतात तर तुझी आजी म्हणजे खूपच झाली.

कोरा_कागद
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, उशिरा लिहितोय कारण गेले नऊ दिवस यातच होतो.

आधी कुडाळातला दादांचं ऐकलं, चेहरा पुसून टाकला. पहिल्याच प्लेमध्ये कळलं की माझ्या शॉटमध्ये चेहऱ्याशिवाय काही नव्हतंच, आजी खांबासारखी उभी होती. मग परवा स्टँडवर जाऊन दोन तास बसलो, तीन गाड्या सुटताना बघितल्या. लालपरी दादा, पिशवी आधी बसते हे शंभर टक्के खरं आहे!! एका आजीने तर पिशवी टेकवली आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिली, जणू पिशवी तिची नाहीच. ते चोरलं.

आता असं आहे: आजी भिडस्त पण पक्की. चष्मा खाली घसरवला, सुरकुत्या दोन. शेजारी एक काका घातले जे खिडकीबाहेर बघतायत, एवढंच त्यांचं काम. पिशवी टेकते, पाठ फिरते, १६ फ्रेम थांब, नजर फक्त डोळ्यांनी काकांकडे, मान नाही. पापणी अख्ख्या शॉटमध्ये फक्त दोनदा मिटते. मग पिशवी आत, आजी कडेवर, गाडीचा धक्का, आजी पूर्ण सीटवर. आणि सगळं झाल्यावर खालून रुमाल ओढून काढते, घडी घालते आणि मांडीवर ठेवते. रेघोट्या ताई, तिथे वर्गात पोरं हसली.

सर म्हणाले, "आता डोकं चालतंय. काकांचं पण चालव जरा." म्हणजे काकांनी मुद्दाम खिडकीबाहेर बघितलं पाहिजे, त्यांना सगळं माहितीये पण वाद नकोय, असं. आणि ते फक्त पाठमोरे दिसतात, डोक्यावर टोपी आहे. बारा दिवस उरलेत. पाठमोऱ्या माणसाने दुर्लक्ष करायचं म्हणजे नेमकं काय हलवू?

लालपरीचा_प्रवासी
कान. टोपी थोडी वर घ्या आणि कान दाखवा. पिशवी टेकली की काकांची मान पाव इंच तुमच्या आजीकडे येते, आणि लगेच आधीपेक्षा जास्त खिडकीकडे जाते.