मास इफेक्टमधले प्रेम आणि त्यामागचे खरे विज्ञान : तुमचे अनुभव लिहा

बायोवेअर कंपनीच्या 'मास इफेक्ट' या व्हिडिओ गेम मालिकेचा पहिला भाग २००७ मध्ये आला, दुसरा २०१० मध्ये आणि तिसरा २०१२ मध्ये. त्यातली माणूस आणि परग्रहवासी यांची प्रेमप्रकरणे विज्ञानाला धरून आहेत का, असा वाद तेव्हापासून चाहत्यांमध्ये सुरू आहे आणि तो अजून मिटलेला नाही. खेळाडू ज्याची भूमिका करतो तो कमांडर शेपर्ड मानव आहे, तर त्याचे साथी गॅरस आणि टाली परग्रहवासी : गॅरस ट्यूरियन जातीचा आणि टाली क्वेरियन जातीची. आपली प्रथिने 'एल' बांधणीच्या अमायनो आम्लांची बनलेली असतात, तर गॅरस आणि टाली यांची प्रथिने 'डी' बांधणीची, म्हणजे आपल्या आम्लांच्या आरशातल्या प्रतिमांची आहेत. दुसऱ्या भागात शेपर्ड आणि गॅरस जवळ येऊ लागतात तेव्हा जहाजावरचा शास्त्रज्ञ मॉर्डिन तिला बजावतो, की ट्यूरियन शरीरातले काही पोटात गेले तर तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते, अगदी अ‍ॅनाफिलॅक्सिसपर्यंत, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या जीवघेण्या झटक्यापर्यंत. पुष्कळ खेळाडू या प्रसंगाला हसतात. मला मात्र तो या मालिकेतला सर्वांत प्रामाणिक प्रेमप्रसंग वाटतो, कारण दोन जीवांच्या मध्ये उभा असलेला अडथळा तिथे गैरसमजाचा किंवा वैराचा नसून थेट रेणूंच्या रचनेचा आहे, आणि तो ओळखूनही दोघे मागे हटत नाहीत.

ज्यांना हे विज्ञान अभ्यासात, कामात, आजारपणात किंवा घरात भेटले आहे, त्यांनी आपला अनुभव लिहावा. खेळातले विज्ञान चुकले आहे असे वाटत असेल तर तेही कारणांसह लिहावे. कथानकातल्या बऱ्याच गोष्टी इथे उघड होतील, याची नव्या खेळाडूंनी नोंद घ्यावी.

* * *

मी महाविद्यालयात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवते. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात नीट बसत नाही, हे उदाहरण वर्गात सगळेच देतात. पण विद्यार्थ्यांना ते खऱ्या अर्थाने पटते ते कार्व्होन या सुगंधी रसायनाच्या दोन बाटल्या हुंगल्यावर. दोन्हींत अणू तेच आणि तेवढेच, बंधही तेच, फक्त रचना एकमेकींच्या आरशातली. एका बाटलीला स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याचा वास येतो आणि दुसरीला शेपूच्या बियांचा. आपल्या नाकातले वास ओळखणारे रेणू, म्हणजे ग्राही, स्वतःच एका बाजूच्या बांधणीचे असल्यामुळे त्यांना हा फरक कळतो. झाकण लावून विद्यार्थी पुन्हा उघडतात, बाटल्यांची अदलाबदल करतात, आणि मग काही क्षण कोणी बोलत नाही.

गॅरसकडे मी याच अंगाने पाहते. तो आणि शेपर्ड एकाच खोलीत उभे असताना तीच हवा दोघांना वेगवेगळ्या वासाची वाटत असणार. ज्या सुगंधावर तिची आठवण जडली आहे तो त्याच्यासाठी दुसराच काही असेल. खेळात याचा उल्लेख नाही, पण गृहीत धरलेल्या विज्ञानातून तो आपोआप निघतो.

लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक चिमट्याने वेचून डावे आणि उजवे असे वेगळे केले, तिथून ही विद्याशाखा सुरू झाली. १९९२ मध्ये एचआयव्ही विषाणूतील प्रोटिएझ हे एन्झाइम पूर्णपणे डी-अमायनो आम्लांपासून तयार करण्यात आले. ते नेहमीच्या एन्झाइमइतकेच सक्षम होते, मात्र ते फक्त आरशातल्या प्रथिनालाच कापत असे आणि नेहमीच्या प्रथिनाला हातही लावत नसे. त्यामुळे ट्यूरियनांचे अन्न मानवाला पोसणार नाही, हे खेळातले विधान माझ्या मते अगदी भक्कम पायावर उभे आहे.

* * *

मला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. मॉर्डिनचा तो प्रसंग मी पहिल्यांदा खेळले तेव्हा मला हसू आले नाही, कारण तसे संभाषण मी स्वतः डॉक्टरांच्या समोर बसून केले आहे आणि माझा जोडीदार त्या वेळी शेजारी होता. चुंबनातूनही अ‍ॅलर्जीची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, ही गोष्ट अनेकांना अतिशयोक्ती वाटते. शेंगदाण्यातले प्रथिन खाल्ल्यानंतर लाळेत राहते, आणि लगेच दात घासले किंवा चूळ भरली तरी ते पूर्ण जाईल याची खात्री देता येत नाही. मधे काही तास जाऊ देणे आणि त्या काळात शेंगदाणा नसलेले जेवण घेणे, हा त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय.

आमच्याकडे हे आता सवयीचे झाले आहे. तो बाहेरून जेवून आला की दारातच सांगतो की काय खाल्ले. बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरे तो माझ्याआधी वाचतो, आणि एपिनेफ्रिनचे इंजेक्शन कुठल्या पिशवीत आहे हे त्याला माझ्याइतकेच ठाऊक असते. प्रेमकथांमध्ये आवेग दाखवतात, खबरदारी क्वचितच दाखवतात. या खेळात मॉर्डिन शेपर्डला माहितीपुस्तिका पाठवतो आणि गॅरसही आपल्या परीने अभ्यास करून, अवघडलेला, तिच्या दारात उभा राहतो. समोरच्याला आपल्यामुळे इजा होऊ नये म्हणून आधी वाचून येणारा नायक मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेला नाही.

* * *

मी प्रतिकारशास्त्रात संशोधन करतो. आधीच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, की शेंगदाणा आणि ट्यूरियन या दोहोंत फार मोठा फरक आहे आणि मॉर्डिनचे निदान मला पटत नाही.

अ‍ॅनाफिलॅक्सिससाठी शरीराची त्या पदार्थाशी आधी ओळख व्हावी लागते. त्या ओळखीतून आयजीई नावाची प्रतिपिंडे बनतात, ती मास्ट पेशींवर जाऊन बसतात, आणि पुढच्या संपर्काच्या वेळी त्या पेशी हिस्टामिन सोडतात. पहिल्याच भेटीत हे घडणे कठीण आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ही ओळख होण्यासाठी आपल्या पेशींना परक्या प्रथिनाचे तुकडे करून ते टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींना, दाखवावे लागतात, आणि हे तुकडे करणारी आपली एन्झाइम्स डी-प्रथिने जवळजवळ कापूच शकत नाहीत. डी-अमायनो आम्लांची प्रथिने प्रतिकारशक्तीला फारशी चेतवत नाहीत, हे प्रयोगांतून दिसलेले आहे. म्हणजे गॅरसच्या प्रथिनांकडे शेपर्डचे शरीर बहुधा दुर्लक्षच करेल.

तरीही तिने निर्धास्त राहावे असे मी म्हणणार नाही, कारण धोका दुसरीकडे आहे. खेळातल्या माहितीनुसार ट्यूरियनांच्या कवचात थुलियम या धातूचा अंश असतो. धातूच्या आयनाला डावे-उजवे नसते. निकेलमुळे कातडीवर उठणारे चट्टे हे संपर्कजन्य अ‍ॅलर्जीचे सर्वांत सर्रास आढळणारे उदाहरण आहे, आणि तिथे धातूचा आयन आपल्याच प्रथिनांना चिकटून त्यांचे रूप बदलतो म्हणून टी-पेशी बिथरतात. थुलियम निकेलसारखे वागेल असा माझा दावा नाही. पण शेपर्डचा डॉक्टर मी असतो तर गॅरसच्या लाळेपेक्षा त्याच्या कवचाशी होणाऱ्या रोजच्या घर्षणाची चौकशी आधी केली असती. मॉर्डिन मलम देऊ करतो, तो सल्ला मला त्याच्या अ‍ॅलर्जीच्या इशाऱ्याहून अधिक शास्त्रशुद्ध वाटतो.

* * *

माझे अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले आहे, म्हणून मी टालीबद्दल लिहितो.

प्रत्यारोपणाआधी जुनी अस्थिमज्जा औषधांनी नष्ट करतात आणि नवी रुजेपर्यंत तुम्हाला गाळलेल्या हवेच्या खोलीत ठेवतात. माझी पत्नी मुखपट्टी, गाऊन आणि हातमोजे घालून आत यायची. तिच्या बोटांची ऊब मोज्यातून जाणवायची, पण त्वचा नाही. मुखपट्टीमुळे ती हसते आहे की नाही हे मी तिच्या डोळ्यांच्या कडांवरून ओळखायला शिकलो. टालीच्या मुखवट्यामागे फक्त दोन उजळ डोळे दिसतात, आणि दुसऱ्या भागात ती शेपर्डसाठी तो मुखवटा काढते; तो प्रसंग मी खोलीतून घरी आल्यावर पुन्हा खेळलो तेव्हा तिने काय पणाला लावले आहे हे मला नेमके कळत होते. त्याआधी ती प्रतिजैविके आणि प्रतिकारशक्ती वाढवणारी औषधे घेते. माझ्या औषधांच्या वेळापत्रकाशी ते इतके जुळणारे होते की मी खेळ थांबवून पत्नीला बोलावले.

क्वेरियनांची प्रतिकारशक्ती पिढ्यान् पिढ्या निर्जंतुक जहाजांवर राहिल्यामुळे क्षीण झाली, असे खेळ सांगतो. याला आधार आहे. पूर्णपणे जंतुरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यातील प्रतिकारक ऊती नीट विकसित होत नाहीत, कारण जंतूंशी संपर्क हेच त्यांचे शिक्षण असते. नवी अस्थिमज्जा रुजल्यावर मलाही बालपणीच्या लसी पुन्हा घ्याव्या लागल्या. अमेरिकेतील डेव्हिड व्हेटर हा मुलगा जन्मतः प्रतिकारशक्ती नसल्यामुळे १९७१ ते १९८४ असे जवळजवळ सारे आयुष्य प्लास्टिकच्या निर्जंतुक कक्षात जगला. त्याला बहिणीची अस्थिमज्जा देण्यात आली आणि त्या मज्जेत लपलेल्या एका सामान्य विषाणूनेच त्याचा घात केला. जिवलगाकडून येणारा जंतू हा कल्पनेतला धोका नव्हे. काही जण म्हणतात की टालीचे शरीर डी बांधणीचे असल्याने शेपर्डचे जंतू तिला काहीच करू शकणार नाहीत. मला हे पटत नाही, पण उत्तर देण्याइतके सूक्ष्मजीवशास्त्र मला येत नाही. कोणी तरी द्यावे.

* * *

मी सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे, म्हणून हे उत्तर देते. विषाणूंपुरते त्या मंडळींचे म्हणणे बरोबर आहे. विषाणूला पेशीत शिरायला नेमका ग्राही लागतो आणि आत गेल्यावर त्या पेशीची यंत्रणा वापरावी लागते. आरशातल्या पेशीत या दोन्ही गोष्टी अशक्य. जिवाणूंची गोष्ट वेगळी. ज्यांना डावे-उजवे नाही अशा ग्लिसरॉल, अ‍ॅसिटेट, अमोनिया यांसारख्या साध्या पोषकांवर काही जिवाणू वाढू शकतात, आणि ही पोषके कोणत्याही शरीरात सापडतील.

डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात इशारा दिला, की प्रयोगशाळेत आरशातले जिवाणू तयार करण्याच्या दिशेने जाऊ नये. कारण प्रतिकारशक्तीला ते नीट ओळखता येणार नाहीत आणि त्यांना खाणारे नैसर्गिक शत्रूही नसतील. प्रतिकारशास्त्राच्या संशोधकांनी वर ज्याला दुर्लक्ष म्हटले, तेच इथे संकट ठरते. मॉर्डिन शेपर्डच्या शरीराच्या अतिप्रतिक्रियेला घाबरतो. त्याने खरे तर प्रतिक्रिया न येण्याला घाबरायला हवे होते. शेपर्डचे जंतू टालीच्या दृष्टीने आरशातले जंतूच आहेत, आणि तिच्याकडे आधीच क्षीण असलेली प्रतिकारशक्ती आहे.

आता तिच्या प्रतिजैविकांचा विचार करा. पेनिसिलिन जिवाणूच्या भित्तिकेच्या बांधणीत अडथळा आणते आणि त्यासाठी त्या भित्तिकेतल्या डी-अ‍ॅलनिन या अमायनो आम्लाच्या जोडीचे सोंग घेते. टालीच्या ग्रहावरच्या जिवाणूंसाठी बनवलेले औषध याच्या उलट बांधणीचे असणार आणि शेपर्डच्या जंतूंवर ते निकामी ठरेल. म्हणजे त्या रात्रीसाठी टालीला स्वतःच्या लोकांचे औषध चालणार नाही. तिला मानवांच्या औषधालयातूनच गोळ्या घ्याव्या लागतील. हे माझ्या लक्षात आले तेव्हा तो प्रसंग मला दुपटीने आवडू लागला.

* * *

मालिकेतल्या लियारा या असारी जातीच्या पात्राबद्दल थोडेसे. असारी ही केवळ माद्यांची जात, जोडीदार कोणत्याही जातीचा असू शकतो आणि अपत्य मात्र असारीच होते, हे अनेकांना सोयीस्कर कल्पनारंजन वाटते. अमेझॉन मॉली हा मासा पाहावा. या जातीत सगळ्या माद्याच असतात. अंड्याची वाढ सुरू होण्यासाठी त्यांना जवळच्या दुसऱ्या जातीच्या नराचे शुक्राणू लागतात, पण त्या नराची जनुके सहसा पिल्लात उतरत नाहीत. १९३२ पासून विज्ञानाला हे माहीत आहे. मेंदू जोडून गर्भधारणा होण्याचे समर्थन मात्र मी करू शकत नाही.

* * *

वरच्या चर्चेत निराशा फार झाली, म्हणून दोघांच्या एकत्र जेवणाबद्दल लिहितो. मी अन्नतंत्रज्ञ आहे. पाणी, मीठ, इथेनॉल, कॅफीन, सायट्रिक आम्ल आणि बहुतेक मेदाम्ले यांना आरशातली वेगळी प्रतिमाच नसते, त्यामुळे ती दोन्ही शरीरांना सारखीच असतील. मद्यातला मुख्य घटक दोघांनाही सारखाच चढेल. अडचण येईल ती त्यात विरघळलेल्या इतर पदार्थांची. टाली तिसऱ्या भागात तीनदा गाळलेली ट्यूरियन ब्रँडी नळीने पिते, तेव्हा गाळण्याचे कारण तिची प्रतिकारशक्ती आहे. पण पुरेशी शुद्ध केलेली तीच ब्रँडी शेपर्डच्या ग्लासातही ओतता येईल. प्रथिने घडवणाऱ्या नेहमीच्या अमायनो आम्लांत डावे-उजवे नसलेले एकच आहे, ग्लायसिन. चवीला ते गोडसर असते. दोन जगांच्या प्रथिनांतला तो एकमेव समान दुवा.

* * *

ग्लायसिनचे नाव निघाले म्हणून मी लिहिते, एरवी लिहिले नसते. माझ्या धाकट्या भावाला ठिसूळ हाडांचा जन्मजात आजार आहे. शेपर्डच्या 'नॉर्मंडी' या अंतराळजहाजाचा वैमानिक जोकर याला हाच आजार आहे. खेळात त्याला व्रोलिक सिंड्रोम म्हटले आहे, आणि विलेम व्रोलिक या डच शरीररचनातज्ज्ञाने १८४९ मध्ये त्याचे वर्णन केले होते. हाडांना चिवटपणा देणारे कोलॅजन तीन पेडांचे असते आणि प्रत्येक पेडात दर तिसरे अमायनो आम्ल ग्लायसिनच असावे लागते, कारण पेडांच्या मधल्या अरुंद जागेत दुसरे कोणतेही मावत नाही. एका जनुकातल्या एका बदलाने तिथे मोठे आम्ल आले की पीळ नीट बसत नाही.

तिसऱ्या भागात ईडी या कृत्रिम बुद्धिमत्तेला धातूचे शरीर मिळते आणि जोकर तिच्या प्रेमात पडतो. तिच्या एका आलिंगनाने त्याची हाडे मोडू शकतील, याचा विचार दोघांच्या मनात असतो. या जोडीची चर्चा यंत्राला भावना असतात का, एवढ्यावरच थांबते. माझा भाऊ मात्र दुसरेच सांगतो. त्याला भेटणारी माणसे दोन प्रकारची असतात : काही जण इजा होईल म्हणून त्याला हातच लावत नाहीत आणि काही जण विसरून पाठीवर थाप मारतात. किती जोर लावायचा हे मोजून, तरीही जवळ येणारी व्यक्ती त्याला हवी आहे. ईडीला तो जोर न्यूटनमध्ये मोजता येतो, म्हणून त्याच्या मते संपूर्ण मालिकेतली सर्वांत योग्य जोडी तीच आहे.

खेळात शेपर्डला जोकरला परावृत्त करण्याचाही पर्याय असतो. ज्यांनी तो निवडला त्यांनी आपले कारण इथे लिहावे. भाऊ वाचणार आहे आणि त्याला ते खरोखर जाणून घ्यायचे आहे.