वर्शिप म्हणजे फक्त गाणी का? (उपासना, भक्ती, मिस्सा वगैरे)

पेटीवाली:
परवा चर्चच्या वर्धापनदिनाची पत्रिका करायला बसलो होतो, सेक्रेटरीकाका, मी आणि युवक संघाची दोन पोरं. काकांनी वरती लिहिलं "उपासनेचा क्रम", खाली प्रारंभीची प्रार्थना, शास्त्रवाचन, उपदेश असं नेहमीचं, आणि पोरांनी मधेच घातलं "वर्शिप : ३० मिनिटे". काका भडकले. म्हणाले अरे वरती उपासना लिहिलंय तेच वर्शिप ना, मग उरलेला दीड तास आपण काय बटाटे सोलणार?

पोरं हसली पण मला झोप नाही आली, कारण मी पण असंच बोलते की. "आज वर्शिप मस्त झालं पण मेसेज (म्हणजे उपदेश) लांबला." "वर्शिप चुकलं पण मेसेजला पोचले." "तो वर्शिप करतो" म्हणजे तो गिटार वाजवतो, बाकी प्रार्थना करतो की नाही देव जाणे. म्हणजे आमच्या मराठीत वर्शिप = गाणी हे पक्कं झालंय, आणि उपासना हा शब्द राहिलाय बोर्डावर आणि पत्रिकेत. हे कधी झालं, आणि गाण्यांच्या त्या भागाला धड मराठी शब्द कोणता? पत्रिका शुक्रवारी प्रेसला जायचीये.

जुनापाना:
मुळात जाऊ. उपासना म्हणजे उप + आस्, जवळ बसणं. इंग्रजी वर्शिपच्या मुळाशी "योग्यता, मान" असा अर्थ आहे, म्हणून तिकडे मॅजिस्ट्रेटला सुद्धा "युअर वर्शिप" म्हणायचे, आणि १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात लग्नात नवरा बायकोला म्हणतो की माझ्या देहाने मी तुझं वर्शिप करतो. बायबलमधे जिथे जिथे इंग्रजीत वर्शिप येतं तिथे हिब्रू आणि ग्रीक शब्द बऱ्याचदा वाकणं, लोटांगण घालणं अशा अर्थाचे असतात, आपल्या दंडवतासारखे. तर जवळ बसणं, मान देणं, लोटांगण. तिन्हीत गाणं कुठेच नाही बघा.

आणि मराठी बायबलमधे मत्तय ४:१० काढा, तिथे नमन आणि उपासना असे दोन वेगळे शब्द शेजारी शेजारी ठेवलेत. इंग्रजीत शिकलेल्या पोरांना तो फरक दिसतच नाही.

वसईची पोर:
आम्ही कॅथलिक, आमच्याकडे हा घोळच नाही 😀 मिस्साला जातो. मिस्सा संपूर्ण, त्यात वाचन आलं प्रवचन आलं गायन आलं कम्युनियन आलं. शब्द लॅटिन, पोर्तुगीजांकडून आला, आणि मजा म्हणजे तो आला शेवटच्या निरोपाच्या वाक्यातून, "जा आता, पाठवणी झाली" टाइप. म्हणजे अख्ख्या विधीला नाव पडलं घरी जायच्या वाक्यावरून. आणि आजी चर्च म्हणतच नाही, "देवळात चाललेय" म्हणते, बाहेरगावच्या मैत्रिणीला वाटलं होतं शंकराच्या देवळात.

आराधना शब्द आम्ही वापरतो पण तो साक्रामेंतासमोर (म्हणजे पवित्र भाकरीसमोर) गप्प बसण्यासाठी, तुमच्या वर्शिपच्या बरोब्बर उलटं. "प्रेज अँड वर्शिप" फक्त रिट्रीटला, म्हणजे प्रार्थना शिबिराला. तिथे फास्ट गाणी म्हणजे प्रेज, स्लो म्हणजे वर्शिप, हे कोणी ठरवलं माहीत नाही पण सगळ्यांना माहीत असतं.

रिव्हर्ब:
मी साऊंडवर बसतो त्यामुळे बोलतो. हे अमेरिकेतून आलंय. साठच्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात हिप्पी पोरं चर्चमधे यायला लागली, गिटार घेऊन. कोस्टा मेसाच्या कॅल्व्हरी चॅपलमधून १९७१ ला मारानाथा म्युझिक निघालं, त्यांच्या रेकॉर्डी विकल्या जायला लागल्या, मग पुढे सिडनीचं हिलसाँग चर्च वगैरे. तोपर्यंत गॉस्पेल हा जसा दुकानातला कप्पा होता तसा वर्शिप हा वेगळा कप्पा झाला. आता ॲपवर प्लेलिस्ट असते त्या नावाची. आपल्याकडे शब्द आला तो बायबलमधून नाही तर त्या कप्प्यावरच्या चिठ्ठीवरून आला, म्हणून त्याचा अर्थ गाणी.

(मारानाथा हा अरामी शब्द, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी आहे, पण लहानपणी मला वाटायचं कोणाला तरी मारा म्हणतायत, "मारा, नाथा!")

नगरी:
आमच्या गावात दोन्ही नाही. भक्ती. "भक्ती किती वाजता", "भक्तीला आली नव्हतीस". उपासना शब्द फक्त उपासना संगीत ह्या पुस्तकाच्या कव्हरवर, आणि ते पुस्तक सुद्धा आता कपाटात, स्क्रीनवर लिरिक्स आले ना. म्हातारी माणसं अजून नंबर सांगितला की पाठ म्हणतात.

जुनापाना:
भक्ती वरून आठवलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग लिहिले आणि कीर्तनं पण केली, बाप्तिस्मा १८९५ चा, म्हणजे हे सगळं हिलसाँगच्या शंभरेक वर्षं आधी. आता कीर्तनाची रचना आठवा. पूर्वरंग, मधे भजन, उत्तररंगात आख्यान, आणि आख्यान चालू असताना पण बुवा पद घेतातच. तिथे "आधी वर्शिप मग मेसेज" असं कापताच येत नाही. गाणं हाच उपदेश आणि उपदेशातच गाणं. आपल्याकडे हे घरात होतं आणि आपण दोन डबे आयात केले, एकावर वर्शिप लिहिलेलं एकावर मेसेज.

नवीन_सभासद७:
आमच्या इथल्या एका नवीन चर्चमधे पास्टरनी सांगितलं की उपासना म्हणू नका, तो मूर्तिपूजेचा शब्द आहे, वर्शिप म्हणा. खरं आहे का?

जुनापाना:
फादर स्टीफन्सनी १६१६ च्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला वैकुंठ म्हटलंय, त्यांना नाही अडचण आली. पंडिता रमाबाई हिब्रू ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल करून गेल्या, १९२४ ला त्यांच्या मागे छापून आलं. शब्दांची काळजी त्यांनी घेतली म्हणून इंग्रजी शब्द नाही घातले. आणि वर्शिप तरी सोवळा आहे का, वर मॅजिस्ट्रेटचं लिहिलंय.

कटिंग_चहा:
मी ख्रिस्ती नाही पण शब्दांसाठी आलो. एवढं काय वाईट झालं? बाहेरचा शब्द भाषेत येताना अर्थ आक्रसतोच. हॉटेल म्हणजे राहायची जागा, आपण मिसळ खायला हॉटेलात जातो. नाताळ, पाद्री, क्रूस, सगळे पोर्तुगीजच की. वर्शिपचा मराठी अर्थ "चर्चमधली गाणी" असा कोशात टाका आणि मोकळे व्हा.

बाय द वे मला हे विचारायचं होतं, सिरीयलमधे प्रत्येक ख्रिस्ती धर्मगुरू फादरच कसा असतो? आणि गुड फ्रायडेला ऑफिसच्या ग्रुपवर फुलांचे फोटो टाकतात ते तुम्हाला कसं वाटतं?

वसईची पोर:
फुलांचं नका विचारू, येशूच्या मरणाचा दिवस तो, उपास असतो त्यादिवशी, वरून "हॅपी".

नगरी:
आमच्याकडे फादर नसतात, पाळक असतात. फादर म्हटलं की ते मागे वळून बघतात दुसरं कोण आलंय. आणि गुड फ्रायडेला आम्ही उत्तम शुक्रवार म्हणतो, त्याच्याही शुभेच्छा येतात.

पेटीवाली:
कटिंग, हॉटेलचा मुद्दा मान्य आहे, भाषेपुरता. पण हॉटेलचा अर्थ बदलला म्हणून कोणी रस्त्यावर झोपलं नाही. इथे शब्द आक्रसला की वागणं पण आक्रसतं. गाणी झाली की आमचा बँड मागे जाऊन मोबाईल बघतो, त्यांचं वर्शिप संपलेलं असतं. दानाची थाळी फिरते तेव्हा गप्पा. सामुदायिक पापकबुली तर दोन मिनिटात उरकली जाते कारण लाईव्ह चालू असतं आणि त्यात "फील" नाही म्हणे. लॉकडाऊनमधे तर मी स्वतः गाणी संपली की यूट्यूब बंद करायचे, खोटं का बोलू.

रिव्हर्ब:
मोबाईल वाला मी नाही हां, मी कन्सोलवर असतो. पण ह्यावर एक गोष्ट आहे. इंग्लंडमधे वॉटफर्डच्या एका चर्चमधे नव्वदच्या दशकात पास्टरनी काही काळ बँड आणि साऊंड सिस्टीमच काढून टाकली होती, म्हणाले नुसत्या आवाजाने या. सुरुवातीला लोक अवघडले, मग हळूहळू प्रार्थना करायला लागले. तिथेच मॅट रेडमन गाणी लिहायचा, त्याने त्यावरच गाणं लिहिलं, वर्शिपच्या मुळाशी परत येण्याबद्दल. आणि मग ते गाणं इतकं चाललं की जगभरच्या बँडनी ते फुल्ल साऊंडवर वाजवलं. आम्ही पण. मी स्वतः त्याला डिले (आवाज घुमवणारा इफेक्ट) लावलाय.

कटिंग_चहा:
😂 बरं, मागे घेतो.

जुनापाना:
पेटीवाली, तुमच्या पत्रिकेसाठी : वरती उपासना तसंच ठेवा, ते अख्ख्याचं नाव. गाण्यांना "स्तवन". बायबलच्या स्तोत्र १५० मधे तोच शब्द आहे. हालेलूयाचा अर्थ पण तोच, परमेश्वराचे स्तवन करा. "स्तुती-आराधना" नको, ते प्रेज अँड वर्शिपचं शब्दाला शब्द भाषांतर आहे आणि आराधनेवर वसईकर हक्क सांगतील.

वसईची पोर:
सांगणारच.

नगरी:
नुसतं "गीते" लिहा ना, सोप्पं.

पेटीवाली:
गीते लिहिलं तर पोरं म्हणणार शाळेचं गॅदरिंग आहे का. स्तवन आवडलं. काकांना फोन केला, ते खूष, म्हणाले वेळ पण लिहू नको, नाहीतर परत कोणीतरी घड्याळ लावून वर्शिप संपवेल. युवक संघाच्या ग्रुपवर टाकलंय, आत्तापर्यंत एकच रिप्लाय, ड्रमरचा : "ताई स्तवनमधे ड्रम चालतो का"

जुनापाना:
त्याला तेच स्तोत्र वाचायला द्या. डफ आहे, झांजा आहेत, त्या पण मोठ्याने वाजणाऱ्या.

रिव्हर्ब:
झांजांना माईक लावायचा नाही एवढं मात्र आधीच सांगून ठेवा त्याला, हॉल छोटा आहे.